व्हॅम्प म्हणजे खलनायिका का?

मूकपटांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात ‘व्हॅम्प’ सारखा येतो. मी सगळीकडे ‘खलनायिका’ लिहून टाकलंय, पण पटत नाहीये. व्हॅम्पायरशी याचं काही नातं आहे का?

– अगदी सख्खं. इंग्रज कवी किपलिंगची ‘द व्हॅम्पायर’ (१८९७) ही कविता, तिच्यावरून नाटक आणि नाटकावरून १९१५चा ‘अ फूल देअर वॉज’ हा मूकपट. त्यात एका घरंदाज गृहस्थाला नादी लावून धुळीला मिळवणारी बाई थीडा बाराने केली. या व्हॅम्पायरला सुळे नाहीत, ती रक्त पीत नाही. माणसाचं घर, अब्रू, पैसा पिते. ‘व्हॅम्प’ हे लघुरूप घरोघरी पोचलं ते तिच्यामुळे. (बुटाच्या वरच्या पुढच्या भागालाही इंग्रजीत व्हॅम्प म्हणतात. तो शब्द वेगळा, त्याच्या मागे लागू नका.)

– थीडा मूळची अमेरिकेतल्या सिनसिनाटीची थिओडोशिया गुडमन. १९०८ मध्ये ब्रॉडवेवर ‘द डेव्हिल’मध्ये होती, पण नाव झालं नव्हतं. मग फॉक्स या चित्रपट कंपनीने तिचा जन्म थेट सहारा वाळवंटात लावून दिला! तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की ‘अरब डेथ’ होतं, याचीही जाहिरात झाली. आपल्याला एवढी खटपट लागली नसती. आडनावच बारा, समोरच्याचे वाजणारच.

– आता शब्दाकडे. खलनायिका नको. ललिता पवारांची खाष्ट सासू खलनायिका, पण तिला व्हॅम्प कोण म्हणेल?

– मग ‘विषकन्या’?

– विषकन्येला राजा पाठवतो, ती दुसऱ्याचं हत्यार. व्हॅम्प स्वतःच्या मर्जीची. ‘मोहिनी’त मोह आहे, पण ती देवांच्या बाजूची. ‘चकवा’ अर्थाने जवळ येतो, वाट चुकवून रानात फिरवतो. पण तो पुल्लिंगी, आणि सिनेमाच्या लेखात हसू येईल.

– मी ‘व्हॅम्प’च ठेवीन. हेलनबद्दल बोलताना आपण हाच शब्द वापरत आलोय. पहिल्यांदा येईल तिथे ‘भुलवून नासवणारी’ असं जोडा, पुढे नुसतं व्हॅम्प.

– लेखात थीडा असेल तर एक सांभाळा: ‘तिचे चित्रपट पाहताना’ असं सरसकट लिहू नका. चाळीसच्या आसपास केले, पण १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरीला फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि जवळजवळ सगळे जळाले. ‘क्लिओपात्रा’चे (१९१७) तुकडेच उरलेत.

– बरं झालं सांगितलंत, तेच वाक्य लिहिलं होतं. खोडते.