शिरोपरीघ, डोक्याचा घेर, की आणखी काही?

वेळणेश्वरची वाट:
दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या डोक्याची वाढ कशी मोजावी, याविषयीच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचे मी सध्या मराठी भाषांतर करीत आहे. ते आमच्या गुहागर तालुक्यातील आशाताईंना आणि त्या बाळांच्या आयांना द्यायचे आहे. पहिल्या मसुद्यात मी ‘शिरोपरीघ’ हा शब्द योजला होता. तो वाचून एका आशाताईंनी अगदी गंभीरपणे विचारले, ‘बाळाची नेमकी कोणती शीर मोजायची, हाताची की मानेची?’ शीर म्हणजे नस, एवढाच अर्थ त्यांच्या बोलण्यात आहे आणि खरे सांगायचे तर माझ्याही बोलण्यात तेवढाच आहे. दुसऱ्या मसुद्यात ‘डोक्याचा घेर’ असे केले, तेव्हा पत्रक तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘घेर घागऱ्याला असतो’ असा शेरा समासात लिहून तो शब्द खोडला. मूळ सूचना साधी आहे: न ताणली जाणारी फीत भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी, तीनदा मोजावे आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहावा. त्या आकड्याला मराठीत काय म्हणावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

राजापूरचे गुरुजी:
ताई, ‘परीघ’ या शब्दावर भरवसा ठेवण्यापूर्वी त्याचे कुळ पाहावे, अशी विनंती आहे. संस्कृतात ‘परिघ’ म्हणजे दाराला आडवा घालण्याचा लोखंडी अडसर किंवा तशीच गदा. वर्तुळाची कड दाखवणारा शब्द ‘परिधि’ असा आहे. मराठी पाठ्यपुस्तकांनी अडसराला वर्तुळाभोवती वाकवले आणि मी स्वतः तीस वर्षे तोच शब्द फळ्यावर लिहिला, त्यामुळे दोष कोणाला देणार? मात्र नवा शब्द घडवायचाच असेल तर तो शुद्ध असावा. ‘शीर्षपरिधी’ म्हटले की नसेचा घोटाळाही टळतो आणि अडसराचाही.

मालवण बंदर:
गुरुजींचा मान राखून सांगतो, आमच्याकडे बाळ झाल्याबरोबर त्याच्या डोक्याला कोणी शीर्ष म्हणत नाही. माझी आजी कुंची बेतण्यापूर्वी पांढऱ्या दोऱ्याने डोके मोजायची, दोऱ्याला गाठ मारायची आणि तो दोरा कापडावर ठेवायची. ‘डोक्याचो घेर घी’ असे ती माझ्या आईला सांगत असे, हे मी शंभर वेळा ऐकले आहे. आंब्याच्या खोडाला घेर असतो, विहिरीला घेर असतो, तेव्हा घागऱ्याची मक्तेदारी कुठून आली? गंमत अशी की, तीच आजी बाळाची लांबी मात्र कधी मोजू देत नसे, कारण मोजलेले मूल वाढत नाही असे तिचे मत होते. दोऱ्याला आकडे नसतात, म्हणून तो बहुधा चालत असावा.

रात्रपाळी:
मी रत्नागिरी जिल्ह्यात नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका आहे. आमच्या नोंदवहीत ‘एचसी’ (इंग्रजी ‘हेड सर्कमफरन्स’ची आद्याक्षरे) असे लिहितात आणि आईला आम्ही ‘आज बाळाचे डोके मोजू या’ एवढेच सांगतो. नामाची गरज आम्हांला फारशी भासलेली नाही. तरीही शब्द निवडताना एक गोष्ट ध्यानात असावी, असे मला वाटते: या मापाला एकट्याने काही अर्थ नसतो. जन्मताना डोके दबून लांबट झालेले असते, वर सूजही असते, म्हणून एक-दोन दिवसांनी ते पुन्हा मोजावे लागते. पूर्ण दिवसांच्या मुलाचे डोके जन्मतः सरासरी ३४.५ सेंटिमीटर आणि मुलीचे ३३.९ सेंटिमीटर, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातील आकडे. पहिले तीन महिने ते महिन्याला साधारण दोन सेंटिमीटरने वाढते, पुढचे तीन महिने एक सेंटिमीटरने, आणि मग वेग आणखी मंदावतो. बत्तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाला मात्र तो तक्ता लावला की, ते उगाचच मागे पडलेले दिसते. त्याच्यासाठी फेंटन यांचा २०१३ चा आलेख किंवा इंटरग्रोथ-२१ हा तक्ता वापरतात. पहिल्या आठवड्यात अंगातले पाणी कमी होते, तेव्हा अशा बाळाचे डोके वाढत नाही, क्वचित किंचित कमीही भरते, आणि आई घाबरते. त्यानंतर दर आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाढ दिसली की आम्ही निश्चिंत होतो; त्याहून बरीच जास्त दिसली तर डॉक्टरांना दाखवतो, कारण मेंदूत पाणी साठत असण्याची शंका घ्यावी लागते. म्हणून मला ‘घेर’ किंवा ‘परीघ’ यांपेक्षा ‘डोक्याचे माप’ बरे वाटते. माप म्हटले की पुन्हा पुन्हा घ्यायचे, हे आपोआप कळते.

राजापूरचे गुरुजी:
भगिनी, आपली माहिती मोलाची आहे, पण ‘माप’ हा शब्द फार सैल आहे. कोकणात माप म्हटले की उंबरठ्यावर नवरीने पायाने लवंडायचे तांदळाचे माप आठवते. डोक्याचे माप म्हणजे लांबी, रुंदी की घेर, हे त्यातून कळत नाही आणि शास्त्रीय पत्रकात हे चालणार नाही.

मालवण बंदर:
शास्त्रीय शब्दांचेच म्हणाल, तर एका सरकारी परिभाषेत डोक्याच्या मागच्या हाडाला ‘पश्चकपाल’ म्हटलेले मी पाहिले आहे. संस्कृतात कपाल म्हणजे कवटी हे खरे, पण मराठी माणसाचे कपाळ पुढे असते. आता आशाताईंनी बाळाचे मागचे कपाळ शोधायचे काय?

मायेचा गोठा:
माझा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात जन्मला, म्हणून हा धागा वाचवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. मोजमापाच्या शब्दाविषयी माझे काही मत नाही, पण त्या पत्रकात ‘अकाली जन्मलेले’ असे लिहू नये, अशी कळकळीची विनंती आहे. मराठीत ‘अकाली’ म्हटले की पुढे ‘निधन’ येते. रुग्णालयातील कागदावर तो शब्द वाचून माझे हातपाय गळाले होते. ‘मुदतपूर्व’ म्हटले तर निवडणूक किंवा बँकेतील ठेव डोळ्यांपुढे येते. सासूबाई ‘अपुऱ्या दिवसांचा’ म्हणत, ते मला सोसले. वयाविषयीही असेच झाले. ‘सुधारित वय’ असा शब्द ऐकून माझ्या यजमानांनी ‘बाळाचे काय बिघडले होते, जे सुधारले?’ असे विचारले होते. नऊ आठवडे आधी आलेल्या बाळाच्या वयातून दोन वर्षांपर्यंत ते नऊ आठवडे वजा करून त्याची वाढ पाहायची, हे आम्हांला रुग्णालयातील परिचारिकेने कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवले, तेव्हाच उमगले.

वेळणेश्वरची वाट:
ताई, ‘अपुऱ्या दिवसांचे बाळ’ असा बदल मी आजच केला. ‘दिवस न भरलेले’ असेही सुचले होते, पण ‘त्याचे दिवस भरले’ याचा दुसरा अर्थ आठवून मी तो विचार सोडला. ‘सुधारित वय’ काढून ‘दिवस धरून काढलेले वय’ असे लिहिले आहे, जरा लांबलचक झाले तरी. आता पुन्हा मूळ प्रश्न: घेर की माप? शिवाय त्याच पानावर आणखी एक अडचण आहे. ‘टाळू फुगलेली किंवा आत गेलेली नाही ना, हे पाहावे’ असे लिहिले, तर एका नवीन आशाताईंनी बाळाचे तोंड उघडून आत पाहिले.

राजापूरचे गुरुजी:
त्यांनी योग्य तेच केले! तालु म्हणजे तोंडातील छत. ‘तालव्य’ वर्ण तेथूनच निघतात. डोक्यावरच्या मऊ जागेला टाळू म्हणणे हा लोकांचा प्रमाद आहे; तिला ब्रह्मरंध्र म्हणावे.

मालवण बंदर:
प्रमाद कसला? मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा माणूस काय त्याच्या तोंडात हात घालतो? बाळंतघरात आजी खोबरेल तेलाने टाळू भरते, ती कुठली? मोल्सवर्थनेही आपल्या मराठी-इंग्रजी कोशात दोन्ही अर्थ दिले आहेत. ‘टाळके’ हा शब्द तरी काय तोंडाच्या आतला आहे?

रात्रपाळी:
तेलाचा विषय निघालाच आहे, तर सांगते की टाळूवर तेल चोळले म्हणून ती लवकर भरून येत नाही. पुढची टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत आपोआप भरते, मागची बारीक टाळू दीड-दोन महिन्यांत. आणि ब्रह्मरंध्र हा शब्द मी कक्षात उच्चारला तर नातेवाईक रडायला लागतील.

राजापूरचे गुरुजी:
लोण्याच्या म्हणीचा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, हे मी मान्य करतो. तथापि एका शब्दाचे दोन अर्थ असले, तर पत्रकात त्यांतला एकच चालवावा लागतो आणि तो मूळचा असावा.

वेळणेश्वरची वाट:
तिसऱ्या मसुद्यात मी शब्दाची जागा कोरी ठेवली, शेजारी फीत गुंडाळलेल्या बाळाचे चित्र काढले आणि खाली एक रिकामी रेघ दिली. तो कागद काल परत आला. शीर कोणती मोजायची असे विचारणाऱ्या त्याच आशाताईंनी रेघेवर स्वच्छ अक्षरात ‘डोके ३१.५, मंगळवार’ असे लिहिले आहे. पत्रक परवा छापायला द्यायचे आहे. कोणी तरी घेर आणि माप यांत निवाडा करावा.

मालवण बंदर:
निवाडा गुरुजी करतील. मला आधी एवढेच सांगा की, तोंडातील टाळू तुमच्याकडे ‘तो’ की ‘ती’? ‘दुभंगलेला टाळू’ असे मी छापलेले वाचले आहे, पण आमच्या घरात दोन्ही टाळू स्त्रीलिंगीच आहेत.