म्हातारी पामेरियन फोस्टरला आणलीय, आता कायमची ठेवावी का? अनुभवी लोकांनी सांगा

रामबागवाली:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. एक रेस्क्यू करणारी मुलगी आहे ओळखीतली, तिच्या सांगण्यावरून आम्ही एक पामेरियन कुत्री थोडे दिवस सांभाळायला आणली. मालक घर रिकामं करून गेले आणि हिला गच्चीवर बांधून तसंच सोडून गेले, शेजारच्यांनी फोन केला म्हणून वाचली. आली तेव्हा केसांचे असे घट्ट गठ्ठे झाले होते की काखेतली कातडी ओढली जाऊन तिथे जखमा झालेल्या, सगळे केस मशीनने काढावे लागले तेव्हा कळलं की आत नुसती हाडं आहेत. वय डॉक्टर म्हणाले १० च्या वर नक्की. दात अर्धे पडलेत, उरलेल्यांना घाण वास येतो. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही.

आता मनी (हे नाव सासूबाईंनी ठेवलं) खाते पिते, पण रात्री उठून घरभर फिरत राहते, कधी कपाटामागे कोपऱ्यात तोंड करून उभी राहते. आणि खोकते, घशात काहीतरी अडकल्यासारखं, जास्त करून पट्टा ओढला गेला की. डोळे निळसर दिसतात. हे म्हणतात फोस्टरच राहू दे, दुसरं घर मिळेल. सासूबाईंना भीती की रात्री पायात येईल आणि त्या पडतील, पण सकाळी पोह्यातला घास त्याच देतात तिला. मला विचाराल तर मला ती ठेवायचीय. पण इतक्या म्हाताऱ्या जिवाचं नीट करणं जमेल का, खर्च किती, दिवाळीत काय करायचं, काहीच कल्पना नाही. प्लीज सांगा.

महूनाका_कट्टा:
ताई पहिले तर पोहे बंद करा, आजच. आपल्या पोह्यात वर कच्चा कांदा असतोच आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी. लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट पण नको. सासूबाईंना द्यायची हौस आहे तर उकडलेला लाल भोपळा नाहीतर मऊ भात आणि चिकन, मिठाशिवाय, त्यांच्याच हाताने देऊ द्या. उपाशी राहिलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर पण द्यायचं नसतं, रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेततं, म्हणून थोडं थोडं चार वेळा.

आता खोकला. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात खोकल्याची दोन कारणं नेहमी बघावी लागतात, एक म्हणजे श्वासनळी चपटी होते (पामेरियनला हे फार होतं, पट्टा ओढला की खोकला येतो तो बहुतेक हाच), दुसरं हृदयाची झडप गळते आणि हृदय मोठं होतं. दोन्ही एकत्र पण असू शकतात. छातीचा एक्सरे आणि लागला तर इको (हृदयाची सोनोग्राफी), त्याशिवाय कळत नाही. पट्टा काढून टाका, छातीला बसणारा हार्नेस घ्या. आणि घरी एक करा, ती गाढ झोपली की मोबाईलवर एक मिनिट लावून छाती किती वेळा वर येते मोजा, वर-खाली मिळून एक. ३० च्या आत हवं. रोज त्याच्या वर जायला लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

रक्त तपासताना लिव्हर-किडनीसोबत गोचीड तापाची टेस्ट सांगा, गच्चीवर पडलेली होती म्हणजे गोचीड असू शकतात, प्लेटलेट कमी निघाल्या तर डॉक्टर सहसा चार आठवडे डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) देतात, मध्येच सोडायची नाही. दातांचं नंतर, ते भूल देऊन करतात म्हणून हृदय आणि किडनी आधी बघून. पोटाखाली स्तनांच्या ओळीत बोट फिरवून गाठी बघा. आणि पाणी एकदम जास्त प्यायला लागली, सुस्त झाली, मागून घाण वाहिली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, ते तातडीचं ऑपरेशन असतं.

दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन-कॉम्बिफ्लाम चुकूनही देऊ नका. मोठं काही निघालं तर महूचं सरकारी व्हेटरनरी कॉलेज जवळच आहे आपल्याला.

तिलकनगर_दोन_मांजरी:
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. आत्ता लगेच अडॉप्शनचा कागद करू नका. तपासण्या होईपर्यंत फोस्टरच ठेवा आणि त्या रेस्क्यूवाल्या मुलीशी स्पष्ट बोला की एक्सरे, रक्त, दात ह्याचा खर्च कोण करणार, लिहून घ्या. हृदयाची गोळी लागली तर ती जन्मभर असते, महिन्याचा खर्च आधीच धरावा लागतो. तुमचे मिस्टर नाही म्हणतायत त्यांना वाईट ठरवू नका, कारण म्हाताऱ्या कुत्र्याला सगळ्यात वाईट काय तर दुसऱ्यांदा घर बदलणं. सगळे हो म्हणाले तरच ठेवा. नाहीतर फोस्टरमध्ये चांगलं करून चांगल्या घरी देणं हे काही कमी काम नाही.

राजेंद्रनगरचे_काका:
रात्रीचं फिरणं आणि कोपऱ्यात उभं राहणं म्हणजे माणसाला म्हातारपणी विसरायला होतं ना, तसंच कुत्र्यांनाही होतं, पण आधी डोळे, कान, दुखणं आणि लघवीचं इन्फेक्शन बघून घ्या. डोळे निळसर दिसले म्हणजे मोतीबिंदूच असं नाही, वयाने भिंग तसं होतं आणि दिसत राहतं. आमची पण अशीच होती. पॅसेजमध्ये एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, सासूबाईंना पण तोच कामाला येईल. टाइल्सवर पाय घसरतात तिथे योगा मॅट कापून टाका, सामान इकडचं तिकडे करू नका, झोपायच्या आधी शेवटचा फेरा मारून लघवी करवून आणा. गळ्यात घुंगरू बांधा हलकंसं, म्हणजे सासूबाई उठल्या तर त्यांना कळेल ती कुठे आहे. फार झालं तर रात्री आपल्या पलंगाशेजारी छोटं कुंपण.

दिवाळी आणि पुढे ग्यारस (देवउठनी एकादशी), आपल्याकडे मॅच जिंकली तरी राजवाड्यावर फटाके, रामबागेत सगळं ऐकू येणार. आतली खोली, खिडकी बंद, पंखा आणि टीव्ही चालू, संध्याकाळचं फिरणं उजेड असतानाच. भीतीची गोळी असते पण हृदय बघितल्याशिवाय नाही, म्हणून ती डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, धनतेरसला नाही.

मल्टीत_राहणारी:
मल्टीत (फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये) राहत असाल आणि कमिटीने कटकट केली तर अ‍ॅनिमल वेलफेअर बोर्डाची फेब्रुवारी २०१५ ची सूचना आहे, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. आणि ज्यांनी तिला सोडलं त्यांच्याबद्दल तक्रार होते, प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे ते, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये!! इतका संताप येतो ना वाचून.

रामबागवाली:
सगळ्यांचे खूप आभार, मनापासून. पोहे बंद, सासूबाईंना दाखवलं वाचून, त्यांनी लगेच भोपळा चिरायला घेतला. काल ह्यांनी स्वतः मोजलं झोपेत, २४ आलं. रेस्क्यूवाली मुलगी म्हणाली एक्सरे आणि रक्ताचं ती करेल, दात आणि रोजचं औषध आमच्याकडे, तसं लिहून पाठवलंय तिने. हे म्हणाले रिपोर्ट येऊ दे मग कागद करू, मला ते पटलंय.

सोमवारी एक्सरे आहे. काका, घुंगरू तिने दोन मिनिटांत पाय मारून काढलं, हार्नेसला मागे बांधलं तर चालेल का? आणि हार्नेस कोणता घेऊ, छातीचा घेर १६ इंच आहे, केस परत वाढल्यावर लहान पडेल का?