रत्नागिरीत कामाला जायला स्वस्तातली सायकल कुठली घेऊ? आणि चोरीचं काय?

नाचणेकर: नमस्कार मंडळी. घर नाचण्यात, काम मिरजोळे एमआयडीसीत. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून स्कूटर परवडत नाही, म्हणून सायकल घेतोय. बजेट पाच हजार, कुलूप धरून. दुकानदार गियरवाली गळ्यात मारतोय पण गाडी गेटबाहेर उघड्यावर ठेवायला लागणार. शेजारच्या पोराची परवाच बिल्डिंगखालून गेली, कुलपासकट! काय करू?

सड्यावरचा: एवढ्या पैशात गियरवाली नको रे बाबा. आपली खारी हवा आणि चार महिने पाऊस, स्वस्तातले गियर गंजून बसतात. जुनी स्टीलची बिनगियरची बघ, दोनेक हजारात मिळून जाईल. चढाची भीती वाटत असेल तर मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) बदल, बहुतेक 18 दातांचं असतं, तिथे 20 नाहीतर 22 चं टाकायचं (चेन थोडी वाढवावी लागेल), वेग जरा कमी होतो पण चढाला उतरून ढकलावी लागत नाही. आणि नवा रंग मारू नकोस, कळकट दिसूदे, चोर आधी शेजारची चकचकीत उचलेल.

खाडीपलीकडची: शेजाऱ्यांची कुलपासकट गेली म्हणजे मागच्या चाकाचं गोल कुलूप असणार. त्याने फक्त चाक फिरत नाही, उचलून टेम्पोत टाकली की संपलं. केबल लॉक पण नको, साध्या कटरने तुटतं. उरलेल्या पैशात यू-लॉक (इंग्रजी U च्या आकाराचं जाड लोखंडी कुलूप) घ्या, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एकत्र धरून पक्क्या गजाला. नुसतं पुढचं चाक बांधलंत तर चाक ठेवून बाकी सायकल नेतील. बुटका खांबही नको, वरून काढून नेतात. कुलपाचं भोक खाली राहील असं लावा, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन चावी फिरायची नाही.

जुना पाना: जुनी घेताना विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर घालून लिहून घे, नाहीतर चोरीचीच तुझ्या गळ्यात पडायची. नंबर बहुतेक पायडलच्या मधल्या नळीखाली खोदलेला असतो, चिखल पुसून फोटो काढून ठेव. गेलीच तर तक्रारीला तोच लागतो. 1 जुलै 2024 पासून चोरीला जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) कलम 379 नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं. आणि ऑनलाइन तक्रार दिलीस तरी तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, त्याशिवाय नोंद होत नाही, तिथेच बरेच जण गाफील राहतात.

नाचणेकर: आभार सगळ्यांचे. वॉचमनकाकांना विचारलं, केबिनमागच्या ग्रिलला बांध म्हणाले, फक्त कॅन्टीनच्या टेम्पोला वाट ठेवायची. पण गज जाडजूड आहेत, यू-लॉक बसेल ना?

खाडीपलीकडची: छोटं नाही बसणार कदाचित. गज, चाक आणि फ्रेम मिळून सुतळीने मापून घ्या आणि ती सुतळी घेऊनच दुकानात जा.