लँडलाइन काढून इंटरनेट कॉलिंग, पण घरातली जुनी वायरिंग तशीच ठेवायची आहे. सल्ला हवा

चकवा
मंडळी, लँडलाइन आता बंद करावी म्हणतोय, ब्रॉडबँड घरात आहेच तर त्यावरच फोन घ्यावा असं चाललंय. अडचण अशी की घर बांधतानाच भिंतीतून फोनच्या वायरी टाकलेल्या आहेत, जवळपास प्रत्येक खोलीत पॉइंट आहे आणि आईबाबांना त्यांच्या पलंगाशेजारचा वायरवालाच फोन लागतो, मोबाइल नको म्हणतात. राउटर दुसऱ्याच टोकाला. इंटरनेटवर साधा फोन चालवणारा अडॅप्टर मिळतो, तो भिंतीतल्या एका सॉकेटात खोचला की बाकीच्या खोल्यांतले फोन वाजतील का? आणि नंबर तोच राहिला पाहिजे, तो सगळ्या नात्यागोत्यात पाठ आहे. जाणकारांनी सांगावं.

खटका
वाजतात, आरामात. त्या डबीला एटीए म्हणतात, एका बाजूला राउटरची केबल आणि दुसऱ्या बाजूला साध्या फोनचं सॉकेट. दोन्ही टोकांना पिन असलेली साधी फोनची वायर घ्यायची, एक टोक एटीएच्या 'फोन' लिहिलेल्या सॉकेटात आणि दुसरं भिंतीत, घरातल्या सगळ्या पॉइंटना डायलटोन जातो. काही डब्यांवर 'लाइन' असं दुसरं सॉकेट असतं, ते जुनी लँडलाइन आत घ्यायला असतं, त्यात भिंतीची वायर लावू नका.

पण त्याआधी, अगदी आधी, बाहेरून येणारी लँडलाइनच्या दोन तारांची जोडी घराच्या वायरिंगपासून तोडा. एक्स्चेंजकडून त्या तारेवर कायम ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि रिंग येते तेव्हा त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो. एटीए स्वतः पण तारेवर करंट देतो, म्हणजे दोन्हीकडून एकाच तारेत ढकलाढकली, आणि त्यात जळतो तो एटीए. कंपनीने कनेक्शन बंद केलं म्हणजे तार मेली असं धरून चालू नका, नंबर बंद झाला तरी व्होल्टेज राहू शकतं आणि उद्या लाइनमन येऊन खांबावर काहीतरी हलवून गेला की परत येऊ शकतं. बाहेरची केबल जिथे घरात शिरते तिथली डबी उघडायची, जोडी सोडवायची, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप मारायची आणि डबीत चिठ्ठी ठेवायची की 'हे जोडू नये'. मग घरातल्या सगळ्या सॉकेटांत फोन लावून बघा, सगळीकडे शुकशुकाट पाहिजे. मल्टिमीटर असेल तर उत्तमच, शून्य दिसलं पाहिजे. हे काम करताना रिंग आली तर चांगला झटका बसतो, म्हणून चालू लाइनच्या उघड्या टोकांना हात लावू नका.

उलटतपासणी
थांबा थांबा, चकवा, तुमचं ब्रॉडबँड कशावरून येतंय? त्याच फोनच्या तांब्याच्या तारेवरून असेल तर खटका म्हणतायत तसं तोडलंत की इंटरनेटच जाईल, आणि मग फोनही.

चकवा
अरे हो, ते सांगायचं राहिलं. फायबर आहे, भिंतीवर वेगळी डबी आहे.

उलटतपासणी
मग सुटलात. पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. डीएसएल, म्हणजे फोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, असेल तर बाहेरची जोडी थेट मोडेमच्या सॉकेटालाच न्यायची आणि घराच्या उरलेल्या वायरिंगपासून वेगळी करायची. पुष्कळ घरांत चार तारांची केबल असते, म्हणजे एक जोडी रिकामीच पडलेली असते, ती फोनला वापरता येते. आणि लँडलाइन बंद करायचा अर्ज देण्याआधी विचारून घ्या की फोन गेला तर त्यावरचं ब्रॉडबँड राहणार का.

फायबरच्या डबीला मागे फोनचं सॉकेट आहे का बघा. असेल तर कंपनीचीच फोनसेवा घेतल्यास वेगळा एटीए लागत नाही, भिंतीची वायर तिथेच लागते. फक्त मग त्याच कंपनीला बांधलेले राहता. मी स्वतः वेगळा, अनलॉक (कुठल्याही कंपनीच्या सेवेवर चालणारा) एटीएच घेईन, लॉक असलेला एटीए सेवा बदलली की टेबलावरचं वजन.

साधंसोपं
एवढी डोकेफोड कशाला, कॉर्डलेसचा सेट आणा, बेस एटीएशेजारी ठेवा, बाकीचे हँडसेट प्रत्येक खोलीत नुसते चार्जरवर. भिंतीतली वायर लागतच नाही.

चकवा
सुचलं होतं, पण आईबाबा कॉर्डलेस उशीखाली ठेवतात आणि मग चार्जिंग संपतं, वायरवाला निदान जागेवर सापडतो.

खटका
पटलं. मग फोन किती लावणार ते बघा. बऱ्याच फोनच्या खाली आरईएन म्हणून आकडा छापलेला असतो, म्हणजे रिंग वाजवायला तो फोन लाइनवर किती भार टाकतो ते, जुन्या खऱ्या घंटीवाल्याचा साधारण १, इलेक्ट्रॉनिक फोनचा त्याहून कमी. बहुतेक एटीए एकूण ३ ते ५ पर्यंतच ओढतात. बेरीज वर गेली तर रिंग मरतुकडी येते किंवा काही फोन वाजतच नाहीत. तसं झालं तर एकेक फोन काढून बघायचा, किंवा दोनचार फोनची रिंग बंद करायची. आणि फिरवायचा चकतीवाला फोन असेल तर आलेला कॉल घेता येईल, पण बऱ्याच एटीएंना चकतीचं डायलिंग कळतच नाही.

उलटतपासणी
लाइट गेल्यावरचं कुणी बोललंच नाही. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची म्हणून अंधारातही चालायचा. आता फायबरची डबी, राउटर आणि एटीए तिघांना बॅकअप हवा, एकाला विसरलात तर बाकी दोघांचा उपयोग शून्य. इमर्जन्सी नंबरचंही, इंटरनेट फोनवरून केलेल्या कॉलला तुमचा पत्ता आपोआप मिळेलच असं नाही, सेवा घेताना पत्ता नोंदवून घ्या आणि घरात वयस्कर माणसं आहेत तर एक चार्ज केलेला मोबाइल त्यांच्या हाताशी असू द्या, त्यांना आवडो न आवडो. घराचा अलार्म जुन्या लाइनवरून कॉल करत असेल तर त्याच्या माणसाला आधी विचारा.

चकवा
आणि नंबर?

खटका
जुनी लाइन आधी बंद करू नका!! नंबर नवीन कंपनीकडे पोर्ट होतो का हे आधी लेखी विचारा, होत असेल तर पोर्टचा अर्ज नवीन कंपनीमार्फत द्या, आणि तो नंबर त्यांच्याकडे वाजेपर्यंत जुनं बिल भरत रहा. आधी बंद केलात तर नंबर हातचा जाऊ शकतो. मधल्या काळात तात्पुरत्या नंबरवर एटीए चालवून बघा, एकच फोन थेट डबीला लावून, भिंतीला हात न लावता.

साधंसोपं
स्पीड किती लागतो याला? पोरं दिवसभर व्हिडिओ बघत असतात.

खटका
स्पीड नगण्य, जी.७११ कोडेकला (आवाज इंटरनेटवरून पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलमागे दोन्ही दिशांना १०० केबीपीएसच्याही खाली. आवाज तुटतो तो अपलोड भरला की, कुणी मोठी फाइल चढवत असताना. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवायची सोय) असेल तर एटीएला वरचा नंबर द्या. आणि समोरच्याचा आवाज येतोय पण आपला जात नाही किंवा उलट, असं झालं तर सर्वात आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात फेरफार करणारी एक सेटिंग) बंद करून बघा, बऱ्याचदा तिथेच असतं.

चकवा
धन्यवाद सगळ्यांना. आज सगळे सॉकेट तपासले, बाकी सगळीकडे डायलटोन आहे, पण राउटरजवळच्या सॉकेटात काहीच येत नाही, नेमका तोच मला वापरायचा होता. म्हणजे तिथून नाही जमणार का?

उलटतपासणी
लगेच हार मानू नका. सॉकेट उघडून तारा सुटल्यात का बघा, नाहीतर जिथे सगळ्या खोल्यांच्या वायरी एकत्र येतात त्या डबीत त्या खोलीची जोडी लावलेलीच नसेल, तसं पुष्कळदा ठेवतात. बाहेरची लाइन सोडवायला तीच डबी उघडणार आहात, तेव्हाच ती जोडी बाकीच्यांबरोबर जोडून टाका. तार मध्येच तुटलेली निघाली तर एटीए दुसऱ्या चालू सॉकेटाजवळ ठेवा आणि राउटरपासून तिथवर नेटवर्क केबल ओढा, ती लांब गेली तरी चालते.