कोरियन युद्ध, परदेशी दत्तक गेलेली मुलं आणि "नशीब उघडलं" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

वाचनवेडी_चाळीसगाव

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीसगावात आम्ही दहा-बारा जणी महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो, एकजण काहीतरी वाचून आलेली असते ती सांगते, बाकीच्या ऐकतात, मग चहा. या वेळी माझी पाळी होती. मी जेन जियोंग ट्रेंका या लेखिकेचं 'द लँग्वेज ऑफ ब्लड' सांगितलं, २००३ चं आहे, इंग्रजीत, मुलीनेच मोबाईलवर घेऊन दिलं कारण तिला कोरियन सिरियलचं भलतंच वेड आहे. लेखिकेचा जन्म सोलचा, तान्ही असतानाच मोठ्या बहिणीसोबत अमेरिकेत मिनेसोटाला दत्तक गेली. आणि आई जिवंत होती हो, मुलींना पत्रं पाठवत होती. त्या पत्रांचं सांगता सांगता माझाच आवाज बसला.

तर आमच्यातल्या एक वहिनी, मनाने फार चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, "बरंच झालं की माय, अमेरिकेला गेल्या, पोरींचं नशीबच उघडलं." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला उत्तरच सुचलं नाही. घरी येऊन भाकरी थापत होते तरी तेच डोक्यात. कारण आमच्या घरात पण दत्तक झालंय, सासूबाईंनी त्यांचा दुसरा मुलगा मोठ्या जावेला दिला, पण तो समोरच्या दारातच वाढला, एकीला आई म्हणतो एकीला माय म्हणतो, कुणापासून काही लपवलेलं नाही. त्यामुळे आई जिवंत असताना मूल हजारो मैल लांब जातं आणि कागदावर अनाथ ठरतं हे मला पचतच नाहीये.

युद्ध तर १९५३ ला थांबलं ना, मग त्यानंतर वीस-तीस वर्षं मुलं का जात राहिली? अनाथ ठरवायचे कसे? आणि अशा अजून कोणत्या आठवणी वाचू, पुढच्या महिन्यात मी हाच विषय परत घेणार आहे, ठरलंय माझं.

गिरणाकाठ_जळगाव

ताई, मी यावर बरंच वाचलंय, जरा लांब होईल.

उत्तर आणि दक्षिण कोरियातली लढाई २५ जून १९५० ला सुरू झाली आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, शांतता करार आजपर्यंत झालेला नाही. सुरुवातीला जी मुलं गेली त्यात अमेरिकन सैनिक आणि कोरियन बायका यांची मुलं बरीच होती, त्यांना तिथला समाज घरात घ्यायला तयार नव्हता. १९५५ मध्ये ओरेगॉनच्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी जोडप्याने एकदम आठ कोरियन मुलं दत्तक घेतली, त्यासाठी अमेरिकेच्या संसदेत खास कायदा करावा लागला, पेपरात फोटो आले आणि तिथून ही वाट पडली ती पडलीच. पुढे गरिबाघरची मुलं, मग लग्नाआधी आई झालेल्या मुलींची मुलं. अशा एकट्या आईला तेव्हा सरकारकडून हात नव्हता, शेजारीपाजारी तोंड दाखवू देत नव्हते, आणि दत्तक देणाऱ्या संस्थेला परदेशी पालकांकडून फी मिळायची. आता तुम्हीच सांगा ती बाई काय करेल. सगळ्यात जास्त मुलं कधी गेली माहितीये? १९८५ च्या आसपास, एका वर्षात ८,८०० च्या वर! तेव्हा दक्षिण कोरिया जहाजं बांधत होता, गाड्या-टीव्ही विकत होता, १९८८ च्या ऑलिम्पिकची तयारी चालू होती. एकूण सुमारे दोन लाख मुलं गेली असं धरतात. त्यामुळे सगळं युद्धावर ढकलता येत नाही.

अनाथ ठरवायची पद्धत अशी, की तिकडे प्रत्येक घराची कुटुंब नोंदवही असायची. दत्तक द्यायच्या मुलासाठी वेगळी कोरी नोंदवही काढायची, तिच्यात ते एकटंच, वर आईबापाचं नाव नाही. झालं अनाथ. कधी एखादं मूल मेलं किंवा घरचे परत घेऊन गेले तर त्याच्या नावावर दुसरंच मूल विमानात बसवलंय. म्हणजे तीस वर्षांनी कुणी आपलं नाव घेऊन शोधायला गेलं तर ते नावच दुसऱ्याचं निघतं, वाढदिवस पण दुसऱ्याचा. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने हे अधिकृतपणे मान्य केलं, ११ देशांत गेलेल्या ३६७ जणांनी तक्रारी केल्या होत्या, त्यातल्या ५६ जणांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन झालं आणि सरकारने देखरेख केली नाही असं सांगितलं.

आणि वहिनींना हे नक्की सांगा: अमेरिकेत नेलेल्या काही मुलांच्या नागरिकत्वाचे कागद पालकांनी कधी पूर्णच केले नाहीत. २००० साली कायदा झाला की दत्तक मुलाला आपोआप नागरिकत्व, पण तो लागू झाला फेब्रुवारी २००१ ला आणि त्या दिवशी ज्यांना १८ पूर्ण झाली होती ते बाहेर राहिले. त्यातल्या काहींना पुढे, चांगली मोठी माणसं झाल्यावर, कोरियात परत पाठवलं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. हे कुठलं नशीब?

वाचायला म्हणाल तर ग्रेस एम. चो यांचं 'टेस्ट्स लाइक वॉर' घ्या, २०२१ चं. त्यांची आई युद्धात वाढलेली, पुढे अमेरिकन माणसाशी लग्न करून तिकडे गेली, नंतर मनाच्या आजाराने खचली. मुलगी तिला कोरियन पदार्थ करून घालते आणि त्यातून आई थोडी थोडी बोलायला लागते. दुधाची पावडर ती तोंडात घेईना, लहानपणी मदतीत आलेली तीच पावडर पिऊन दिवस काढलेले, तिला त्यात युद्धाची चव लागायची. पुस्तकाचं नाव तिथूनच आलंय.

लोकोशेड_भुसावळ

दुधाच्या पावडरीचं वाचून थांबलो. आम्ही प्राथमिक शाळेत असताना अमेरिकेहून आलेल्या पावडरीचं दूध मिळायचं, मोठ्या पातेल्यात ढवळायचे, खाली गुठळ्या राहायच्या आणि त्या गुठळ्यांसाठी आमची मारामारी. आम्हाला ते गोड लागायचं कारण संध्याकाळी घरी जायला घर होतं.

कोरियाशी आपला पण संबंध आहे बरं का मंडळी. भारताने तिकडे ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तुकडी पाठवली होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज त्यांचे प्रमुख. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर कोरियाच्या मदतीला चिनी फौजा आल्या आणि त्यांची राजधानी प्योंगयांग सोडायची वेळ आली, यांच्याकडे गाड्या नव्हत्या, औषधं आणि ऑपरेशनची हत्यारं टाकून जावं लागणार होतं. तिथे एक बेवारस वाफेचं इंजिन आणि डबे सापडले, आपल्या जवानांत इंजिन चालवता येणारे होते, त्यांनी ते पेटवलं, सगळं सामान भरलं आणि पूल उडवण्याआधी नदीपार आले. आमचे वडील इथल्या लोको शेडला फायरमन होते, मी पण रेल्वेतच गेलो, म्हणून सांगतो, थंड पडलेलं इंजिन तयार करायला तासन् तास लागतात. आधी बॉयलरात पाणी, मग लाकडं, मग कोळसा पातळ पसरायचा आणि वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं, घाई केली की सगळं बिघडतं. मागून फौज येतेय आणि तुम्ही काट्याकडे बघत बसलाय!

शस्त्रसंधीनंतर युद्धकैदी सांभाळायला भारताचं दल गेलं, प्रमुख आपले मराठी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्यांतले ८८ जण उत्तरेलाही नको दक्षिणेलाही नको म्हणाले आणि १९५४ मध्ये त्या दलाबरोबर भारतात आले, बहुतेक जण पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले. कुणाची आई, कुणाची बायको मागे राहिली असेल. ताई, हेही तुमच्या कट्ट्यावर सांगा, बायांना कोरिया एकदम परका वाटणार नाही.

सिंधीकॉलनी_जळगाव

१९८३ मध्ये केबीएस या तिकडच्या टीव्हीने हरवलेल्या नातेवाइकांना शोधायचा कार्यक्रम केला, दीड-दोन तासांचा ठरलेला होता, तो १३८ दिवस चालला. लोक गळ्यात पाट्या घालून यायचे, नाव, गाव, बापाचं नाव, कुठे चुकामूक झाली ते लिहिलेलं. चॅनेलच्या इमारतीच्या भिंती कागदांनी भरून गेल्या. १०,१८९ कुटुंबं भेटली. मी त्याच्या क्लिप रात्री बघितल्या आणि झोपलो नाही, कारण माझी आजी. ती १९४७ मध्ये सिंधमधून आली, धाकटा भाऊ कराचीच्या बंदरावर गर्दीत सुटला. आमच्याकडे कोणीही सिंधी पाहुणा आला की पाण्याच्या आधी तिचा प्रश्न, कोणत्या गावचे? मग वडिलांचं नाव काय? लोकांना वाटायचं म्हातारी चौकस आहे. शेवटच्या आजारपणात नर्सला पण विचारत होती.

पांझरा_धुळे

मी स्वतः दत्तक आहे. कोरियाचा नाही, आपल्याच राज्यातल्या एका संस्थेतून तीन महिन्यांचा असताना आईपप्पांनी मला धुळ्याला आणलं. त्यांच्यावर माझा जीव आहे हे आधीच सांगतो, कारण पुढचं लिहिलं की लोक लगेच म्हणतात आईबापाची किंमत नाही.

"नशीब उघडलं" हे मी पहिलीपासून ऐकतोय. लग्नात, बारशात, एकदा तर शिक्षकांनी वर्गात सांगितलं. हे वाक्य ऐकलं की मुलाचं तोंड बंद होतं, कारण एवढं नशीब उघडल्यावर तू अजून काय मागतोस? मी तेवीस वर्षांचा असताना माझी फाइल मागितली, तीन चकरा मारल्यावर एक पान मिळालं. वजन दोन किलो शंभर. अंगावर पोपटी झबलं, डाव्या बाहीला टाका घातलेला. बास. तो टाका कुणी घातला ते मला माहीत नाही, पण ज्याला टाकून द्यायचंय त्याची बाही कोणी शिवत नाही हो. मी ते पान आईला दाखवलं तर ती म्हणाली तिने ते झबलं जपून ठेवलंय, आणि जुन्या पेटीतून काढून दिलं. एवढी वर्षं मी विचारलं नव्हतं आणि तिने दाखवलं नव्हतं, दोघंही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून.

कोरियन दत्तकांच्या आठवणी मी यासाठी वाचतो की तिथे कोणीतरी हे सगळं सरळ लिहिलंय, वाढवलेल्यांवर प्रेम आहे आणि तरी त्या पहिल्या बाईची आठवण येते जी आठवतच नाही. वहिनींना उत्तर देऊ नका ताई, त्यांना फक्त विचारा, त्या आईचं काय झालं असेल?

वाचनवेडी_चाळीसगाव

सगळ्यांची मी आभारी आहे. पांझरा दादा, तुमचं मी दोनदा वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून समोर जाऊबाईंकडे गेल्या आणि जेवायलाच परत आल्या.

पुढचा कट्टा दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आहे. गिरणाकाठ, तुम्ही ते नोंदवहीचं एका पानावर लिहून पाठवाल का, मी झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटेन. सिंधी कॉलनीवाले दादा, ती क्लिप पाठवा, मुलगी मोठ्या पडद्यावर लावायची सोय करतेय. पांझरा दादा, धुळ्याहून पॅसेंजर आहे, यावंसं वाटलं तर या, बोलायलाच पाहिजे असं काही नाही, नुसतं बसलात तरी चालेल. भुसावळचे काका, तुम्ही तर याच, परतीला माझा मुलगा स्टेशनवर सोडेल. जेवूनच जायचं, कळण्याची भाकरी आणि भरीत करणार आहे.