डीपी नदीकडेनं सरकतोय

(सोसायटीचा ग्रुप. सोमवार.)

सुनंदा पोवार, ब 302 (सकाळी 7:05): रामराम मंडळी. मृणाल आणि जावयांचं रोम झालं. आज फ्लॉरेन्स. आत्ता तिथं पहाटेचे साडेतीन वाजलेत, कुणी तिला मेसेज टाकून उठवू नका.

देसाई, सेक्रेटरी: काकी, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. पाणी, पार्किंग, मेंटेनन्स. सगळ्यांनीच सहकार्य करावे.

माने, क 203: असू दे की ओ सेक्रेटरी. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार बघण्यापेक्षा रोम बरं.

मुल्ला वहिनी, अ 204: काल कोलोसियमचा फोटो सासूबाईंना दाखवला. चष्मा वर करून बघितल्या आणि म्हणाल्या, "खासबागच की हे!"

माने: बरोबर वळखलं त्यांनी. शाहू महाराज 1902 ला एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाला विलायतेला गेलते. रोमचं ते मैदान बघितलं आणि कुस्तीसाठी कोल्हापुरात असंच पाहिजे म्हणून डोक्यात घेऊन आले. 1912 ला खासबाग तयार. तिथं आता नुसतं तिकीट काढून हिंडायचं, हितं अजून जोड लागती.

ओंकार, ब 101: काका, रोमचं इसवी सन 80 मधलं आहे. फक्त 80. आठशे नाही, अठराशे नाही.

माने: मग? जुनं झालं ते. नव्या मातीत दम असतोय.

देसाई: दुपारी 12 ते 2 टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवणे.

सुनंदा पोवार (दुपारी 3:50): मृणालचा फोटो आलाय, खाली टाकलाय. डेव्हिडच्या पुतळ्याखाली दोघं उभी आहेत. मी लगेच कळवलं, बाळा, हा डुप्लिकेट हाय. अस्सल 1873 ला अकादेमिया म्युझियमच्या आत नेऊन ठेवला, चौकात 1910 ला नक्कल उभी केली. त्याच्या आधी मोठ्या देवळासमोरच्या सोनेरी दारांचा फोटो आलता. तीही नक्कल. अस्सल दारं म्युझियममध्ये.

मुल्ला वहिनी: अगं बाई! एवढे पैसे घालून सगळं डुप्लिकेट? मग आत जाऊन खरं बघू दे की.

सुनंदा पोवार: आज सोमवार. अकादेमिया बंद, उफ्फीझी म्युझियमही बंद. माझा जन्म एस.टी.च्या आरक्षण खिडकीत गेलाय, वेळापत्रक हातात आलं की कुठं काय दाबलंय ते मला दिसतं. सहलीच्या कागदावर फ्लॉरेन्सला "3 ते 5:30 मोकळा वेळ" लिहिलंय. मोकळा वेळ म्हणजे चामड्याच्या बाजारात सोडणार.

माने: कोल्हापूरची पोरगी चामडं घ्यायला फ्लॉरेन्सला! गूळ घ्यायला लंडनला जाईल मग.

ओंकार: हसू नका काका. 2025 ला मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपलीच चप्पल मॉडेलच्या पायात घातली होती. आरडाओरडा झाल्यावर कबूल केलं की मूळ कोल्हापुरी.

जाधव अण्णा, अ तळमजला: काकी, राग मानू नका, एक विचारतो. पोरगी तिकडं फिरतीया, तुम्ही हिकडं खुर्चीत. फोटोत बघून काय कळतंय माणसाला? वारा न्हाई, वास न्हाई, पाय दुखत न्हाईत. हे काय बघणं झालं?

सुनंदा पोवार: पाय तर माझे न बघताच दुखतात अण्णा. वारा नाही हे खरं हाय. पण मृणालला त्या दारापुढं वीस मिनिटं मिळाली. त्यातली निम्मी झेंडा धरलेल्या बाईच्या मागं पळण्यात गेली, उरलेली "जरा बाजूला सरका" म्हणण्यात. मी कालपासून मोबाइलवर त्या दारापुढं बसलोय. दहा चौकटी आहेत त्याला. गिबेर्ती नावाच्या कारागिरानं 1425 ला काम धरलं आणि 1452 ला सोडलं. चौकटींच्या मधल्या पट्टीत बारकी बारकी डोकी काढलीत, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. पूर्ण टक्कल, भुवया वर चढलेल्या, तोंड असं की आता काहीतरी खवचट बोलणार. आपल्या गवळ्यासारखा दिसतोय. मृणालला फोन करून विचारलं, दिसला का गं? ती म्हणाली, आई, इथं माणसांचीच डोकी दिसताहेत. मोठ्या देवळाच्या घुमटाच्या 463 पायऱ्याही मी काल बोटानं चढून आलोय, दोन ठिकाणी दम खाल्ला. तर अण्णा, कोण गेलं आणि कोण राहिलं ते तुम्हीच ठरवा.

जाधव अण्णा: बरं बाबा, हरलो.

सुनंदा पोवार: हरू नका, पुढचं ऐका. एक काम मात्र बोटानं होत नाही, तिथं माणूसच जायला पाहिजे. राजाराम महाराजांची समाधी. फ्लॉरेन्समध्ये हाय. सहलीच्या कागदावर तिचं नावही नाही.

जाधव अण्णा: कुठले राजाराम? विमानतळवाले?

मुल्ला वहिनी: ताराराणींचे मालक ना?

माने: दोन्ही न्हाई. नीट ऐका. ताराराणींचे राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे चिरंजीव, ते सिंहगडावर गेले. विमानतळवाले म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव, 1939 ला विमानतळ त्यांनी केला. हे मधले. 1866 ला गादीवर आले, 1870 ला इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. येताना इटलीत आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस.

ओंकार: माझ्याएवढे??

सुनंदा पोवार: तुझ्याएवढे. तू परवा पुण्याला जाताना आईनं डबा दिला नाही म्हणून रुसलास. ते बोटीनं विलायतेला गेले, रोजची टिपणं इंग्रजीत लिहिली. पुढं 1872 ला ती लंडनला छापली, कारण लिहिणारा घरी पोचला नाही. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. पण दहन कसं करतात हे तिथं कुणाला ठाऊक? सरकारातून खास परवानगी काढावी लागली. गावाबाहेर अर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो, त्या संगमावर चिता रचली. माझं म्हणणं, घरापासून एवढ्या लांब संगम शोधून काढणारा बरोबरचा जो कोणी माणूस असेल, त्याला हात जोडायला पाहिजेत.

जाधव अण्णा: आपल्या प्रयाग चिखलीगत.

सुनंदा पोवार: व्हय. पुढं 1874 ला तिथं छत्री उभी राहिली. पुतळा फुलर नावाच्या इंग्रजानं केला, छत्रीचा नकाशा मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काढला. आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल त्याचाच.

माने: मँटसाहेब! मग मृणालला जायलाच पाहिजे.

देसाई: टूर मॅनेजरला लेखी कळवून जाणे. नंतर बस सोडून गेली तर जबाबदारी कोणाची?

मुल्ला वहिनी: देसाई भाऊ, तुम्ही आता ग्रुपच्या विषयात आलात बरं का.

ओंकार: काकी, मॅप बघितला. स्टेशनवरून टी वन ट्राम जाते, कॅशीने नावाचा स्टॉपच आहे. समाधी कॅशीने पार्कमध्येच दाखवते. सोपं आहे.

सुनंदा पोवार: तिथंच फसशील. स्टॉप बागेच्या अलीकडच्या टोकाला आहे, समाधी पार पश्चिमेच्या टोकाला. बाग नदीकडेनं लांबच लांब हाय. उन्हाचं चालत जाण्यात आणि येण्यात तास-सव्वातास मोडणार. टॅक्सी पाहिजे. आणि तिथं रस्त्यात हात करून टॅक्सी थांबत नाही आपल्या रिक्षागत, स्टँडवरनं घ्यायची नाहीतर फोन करून बोलवायची. देसाई भाऊ, मृणालला आजच्यापुरतं ग्रुपात घ्या.

(देसाई यांनी मृणालला ग्रुपमध्ये घेतले. सायंकाळी 6:28)

मृणाल: नमस्कार काका-काकू सगळ्यांना! आई, टूर मॅनेजरला सांगितलंय. तो म्हणाला, साडेपाचला सांता क्रोचे चौकात या, पाच मिनिटं पण थांबणार नाही. प्रसाद विचारतोय, पर्स बघायची होती त्याचं काय?

सुनंदा पोवार: पर्स शिवाजी चौकात मिळती.

मृणाल: लाइव्ह लोकेशन टाकलंय. आठ तासांचं. स्टेशनच्या स्टँडकडे चालतोय.

माने (7:05): दिसलं. आला तिचा डीपी. कुठल्या गल्लीत शिरली ही?

ओंकार: बरोबर आहे काका, स्टेशन डावीकडे.

मुल्ला वहिनी: आमच्याकडं सासूबाई, मी, दोन्ही पोरं एकाच मोबाइलवर. भाकरी तव्यावर करपली.

मृणाल (7:19): टॅक्सी मिळाली. "पियाझ्झाले देल इंदियानो" म्हटलं, ड्रायव्हर लगेच म्हणाला सी सी. तिथल्या पुलाचं नावही तेच आहे म्हणे.

सुनंदा पोवार: पूल 1978 चा. तारांनी टांगलेला असतोय बघ, लांबूनच दिसेल. चौकाला, पुलाला सगळ्याला "त्या हिंदुस्थानी माणसाचा" म्हणून नाव.

जाधव अण्णा: थांबली का? हलंना झालंय.

माने: सिग्नल असंल.

जाधव अण्णा: सिग्नल न्हाई, मोबाइलची रेंज. आला आला. डीपी नदीकडेनं सरकतोय.

देसाई: नदी उजवीकडे का डावीकडे असायला पाहिजे?

सुनंदा पोवार: जाताना डावीकडे. बरोबर चाललीय.

मृणाल (7:38): पोचलो. टॅक्सी थांबवून धरलीय, मीटर चालू.

मृणाल: आई, व्हिडिओ कॉल लागत नाही नीट, लिहूनच सांगते. झाडंच झाडं, सायकलवाले, पळणारी माणसं, एक बाई तीन कुत्री घेऊन. आणि त्यात मधोमध आपली छत्री! कुठल्याही संस्थानात असते तशी. आत छातीपर्यंतचा पुतळा, पगडी घातलेला. मी समजत होते मोठे कोणीतरी महाराज असतील. हा मुलगाच आहे गं. आपल्या कॉलेजात पुढच्या बाकावर बसतो तसा.

ओंकार: फोटो!!

मृणाल: टाकतेय. भोवतीनं रेलिंग आहे. खाली लेख आहेत, इंग्रजीतला वाचला, कोल्हापूरचं नाव आहे त्यात. इंग्लंडहून परतताना गेले असं लिहिलंय. मी एकटीच मोठ्यानं वाचत होते, तर पळणारा एक माणूस थांबला आणि बघायला लागला. प्रसादनं त्याला "कोल्हापूर, वुई" असं छातीवर हात ठेवून सांगितलं. तो हात मिळवून पुढं पळाला.

माने: जावई आपला हाय! फुलं वाहिली का?

मृणाल: आणली नव्हती काका. गवतात पांढरी बारकी फुलं होती, तीच रेलिंगमधून हात घालून ठेवली. मागं ओढा नदीला मिळतो ते पण बघितलं. ओढा अगदीच बारका आहे, आणि पाणी गढूळ.

सुनंदा पोवार: गढूळ असू दे. निघा आता. सव्वाचार झाले तिथं.

मुल्ला वहिनी: सासूबाई विचारतात, त्यांच्या घरच्यांना कळवलं कधी असेल?

सुनंदा पोवार: तेच मीही बघतोय. तार असणार. मिळालं की सांगतो.

मृणाल (8:31): चौकात पोचलो, अजून अर्धा तास आहे. टॅक्सीचं बिल विचारू नका.

देसाई: किती?

मृणाल: काका, पर्स झाली असती.

सुनंदा पोवार: अर्धा तास हाय ना? मग तिथंच सांता क्रोचेच्या जवळ जा. व्हिया दे नेरी आणि सान रेमिज्यो गल्ल्या मिळतात, त्या कोपऱ्यावर मान वर करून बघ. भिंतीत दोन खुणा बसवल्यात. एक 1333 च्या पुराची, एक 4 नोव्हेंबर 1966 ची. अर्नोचं पाणी कुठवर आलतं त्याची रेघ. मी रस्त्यावरनं बघितलीय मॅपमध्ये, पण तुझी उंची धरून किती वर हाय ते कळत नाही.

मृणाल: बघितली. प्रसादनं हात वर केला तरी पोचत नाही, लांबच राहतो. खाली रोजच्यासारखी माणसं सँडविच खात उभी आहेत.

जाधव अण्णा: 1333 ची रेघ अजून ठेवलीया?

सुनंदा पोवार: ठेवलीय. आणि आपल्या पार्किंगच्या भिंतीवर 2019 च्या पुराची खूण होती, ती गेल्या दिवाळीच्या रंगात गेली.

जाधव अण्णा: गेली न्हाई, घालवली. मी पेंटरला म्हणलो होतो तेवढी पट्टी सोड म्हणून. माझ्या फ्लॅटात पाणी शिरलं, मला ठाऊक हाय कुठवर. फ्रीज तरंगत होता.

माने: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला 43 फुटाला धोका लिहितात. 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा 55 फुटाच्या वर. नव्यानं राहायला आलेल्यांना सांगितलं तर त्यांना पटत न्हाई, म्हणतात काका वाढवून सांगताय.

ओंकार: आम्ही 2022 ला आलो. बाबांनी गाडी कायम बेसमेंटच्या कोपऱ्यात लावलीय. किती वर येतं पाणी खरंच?

जाधव अण्णा: सकाळी खाली ये, हात लावून दाखवतो. गाडी न्यायला येताना बाबांनाबी घेऊन ये.

मुल्ला वहिनी: मग दगडाचीच बसवूया की रेघ. रंग परत मारला तरी जाणार नाही.

माने: एक रेघ का दोन? दोन्ही सालांची पाहिजे.

देसाई: दगड, कोरणावळ, बसवणावळ, याला खर्च आहे. मीटिंगमध्ये मंजुरी लागेल. आणि कोणत्या भिंतीवर? कॉमन भिंत की जाधवांची?

जाधव अण्णा: माझ्या भिंतीवर बसवा. पाणी माझ्याकडंच पहिलं येतंय.

देसाई: ठीक आहे. रविवारच्या मीटिंगला विषय क्र. 4 म्हणून घेतो. दोन दगडवाल्यांचे दर आणावेत. मृणाल, त्या खुणेचा जवळून एक फोटो टाक, अक्षर केवढं आहे ते कळू दे.