लहान कंपनीकडून कस्टम लॅपटॉप मागवावा का?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे आणि कोल्हापुरी चपलांचे कॅटलॉग तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. दिवसभर छायाचित्रांची रंगदुरुस्ती करावी लागत असल्यामुळे लॅपटॉपचा डिस्प्ले चांगला असणे ही माझी गरज आहे. हवा तो डिस्प्ले आणि हवी तेवढी रॅम एकत्र असलेले मॉडेल मोठ्या ब्रँडमध्ये माझ्या बजेटमध्ये मिळेना, म्हणून परगावच्या एका लहान कंपनीच्या संकेतस्थळावर एकेक भाग निवडून मी ऑर्डर नोंदविली आणि त्यांच्या अटीप्रमाणे सगळी रक्कम आगाऊ भरली.

यानंतरचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण ऑर्डर देण्यापूर्वी असे काही वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते. पैसे भरेपर्यंत फोनवर तत्परतेने बोलणारी माणसे पैसे जमा झाल्यावर फक्त ईमेलला उत्तर देऊ लागली. मुदत आधी ‘चॅसिस (लॅपटॉपचा सांगाडा) आलेले नाही’ म्हणून पुढे गेली आणि मग ‘टेस्टिंग चालू आहे’ म्हणून आणखी पुढे गेली. मधल्या काळात हाती आलेली दोन कामे मला शेजारच्या प्रेसवाल्याच्या संगणकावर बसून पूर्ण करावी लागली. उशीर मी एक वेळ समजून घेतला असता. लॅपटॉप हातात पडल्यावर जे दिसले ते मात्र समजून घेण्यासारखे नव्हते.

मी १६ जीबीच्या दोन, म्हणजे एकूण ३२ जीबी रॅम निवडली होती. तळाचे झाकण उघडले तेव्हा ३२ जीबीची एकच पट्टी बसवलेली दिसली आणि दुसरा स्लॉट रिकामा होता. एका पट्टीमुळे मेमरी सिंगल चॅनेलवर चालते, म्हणजे माहितीची ने-आण दोनऐवजी एकाच मार्गाने होते, आणि ज्या यंत्रात प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच मेमरी वापरतात तिथे हा फरक कामात जाणवतो. डिस्प्लेची गोष्ट याहून गंभीर आहे. ऑर्डरमध्ये १०० टक्के एसआरजीबीचे (पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगश्रेणीतले सगळे रंग दाखवणारे) पॅनेल स्पष्ट लिहिलेले होते. आलेल्या पॅनेलचा क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये पाहून त्याची माहिती काढली, तेव्हा ते ४५ टक्के एनटीएससीचे (ही टीव्हीसाठीची जुनी रंगश्रेणी) निघाले, म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम ६२-६३ टक्के रंग दाखवणारे. चपलेच्या कातड्याचा तांबूस तपकिरी रंग या पडद्यावर मळकट दिसतो. तो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत खुलवला की छपाईच्या प्रूफमध्ये तीच चप्पल लालभडक उतरते. कंपनीचे उत्तर असे आले की ‘एकूण मेमरी तेवढीच आहे, उलट तुम्हाला एक स्लॉट मोकळा मिळाला, आणि डिस्प्ले समतुल्य आहे.’

ज्याची रोजीरोटी यंत्रावर अवलंबून आहे, त्याने पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्या लहान कंपनीकडून कस्टम लॅपटॉप मागवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

राजारामपुरी आठवी गल्ली

आपल्यावर अन्याय झाला हे उघड आहे आणि पॅनेलच्या बाबतीत त्या विक्रेत्याचे समर्थन करण्यासारखे काही नाही. मात्र आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि माझा स्वतःचा लॅपटॉप अशाच एका लहान कंपनीकडून घेतलेला आहे.

या कंपन्या लॅपटॉप ‘बनवत’ नाहीत. चॅसिस, मदरबोर्ड, कूलिंग आणि बॅटरी हा सांगाडा तैवानची क्लेव्हो किंवा चीनची टाँगफाँग यांसारख्या उत्पादकांकडून बेअरबोन म्हणून येतो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप आता बहुतेक वेळा त्याच बोर्डावर सोल्डर केलेली असते, आणि लहान कंपनी त्यात रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड बसवते, बायोस आणि ड्रायव्हर घालते व यंत्र तासन्‌तास तापवून तपासते. उत्पादक सांगाडे घाऊक तुकडीने पाठवतो, त्यामुळे ‘चॅसिस आलेले नाही’ हे कारण बऱ्याचदा खरेच असते. जगभरातल्या अनेक छोट्या विक्रेत्यांची हीच पद्धत आहे. अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम७६ ही कंपनी २००५ पासून लिनक्सचे संगणक विकते आणि तिचे बरेच लॅपटॉप क्लेव्होच्या सांगाड्यावर उभे आहेत. लहान कंपनी टिकतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

या पद्धतीचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो तो दुरुस्तीचा. माझ्या टेबलावर येणाऱ्या पातळ ब्रँडेड लॅपटॉपपैकी कितीतरी यंत्रांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे ती वाढवणे दूरच, खराब झाली तर ग्राहकाला अख्ख्या बोर्डाचा खर्च सांगावा लागतो. माझ्या यंत्रात रॅमचे दोन स्लॉट आहेत, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट आहेत, बॅटरी स्क्रूवर बसलेली आहे आणि झाकण उघडले म्हणून वॉरंटी जात नाही, हे कंपनीने लेखी दिले आहे. मध्यंतरी कीबोर्डची काही बटणे चालेनाशी झाली, तेव्हा त्यांनी नवा कीबोर्ड कुरिअरने पाठवला आणि मी तो दुकानातच बसवला. मोठ्या ब्रँडने यासाठी यंत्र ताब्यात घेतले असते.

एक बाब आपल्या विक्रेत्याच्या बाजूने नाही, पण समजून घेण्यासाठी सांगतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम भडकले, कारण उत्पादकांनी आपली क्षमता डेटा सेंटरच्या मेमरीकडे वळवली. ज्या छोट्या कंपनीने जुन्या भावात ऑर्डर घेतली होती, तिच्यासमोर मिळेल ती पट्टी बसवण्यावाचून पर्याय राहिला नसेल, ही शक्यता आहे.

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

रॅमचे भाव भडकले हे मान्य आहे. पण माझे पैसे भाववाढीपूर्वीच त्यांच्या खात्यात पूर्ण जमा झाले होते. माल बाजारात असताना तो घेऊन ठेवण्यासाठीच तर पूर्ण रक्कम आगाऊ मागितली जाते ना? तरीही पट्टी बदलावी लागत असेल, तर ‘१६ च्या दोन मिळत नाहीत, ३२ ची एक चालेल का’ असे विचारणारा एक ईमेल पाठवण्यास काही खर्च येत नाही. आणि मेमरीच्या भावाचा पॅनेलशी संबंध काय, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात नाही.

रंकाळाकाठ

मी एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेची खरेदी पाहतो, त्यामुळे माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूचे असले तरी कारण निराळे आहे. ऑर्डरच्या वेळची फसवणूक एकदा होते आणि संपते. चौथ्या वर्षी काय होते, हा खरा प्रश्न आहे.

बॅटरीचेच पाहा. ती त्या विशिष्ट सांगाड्यासाठीच बनलेली असते, बाजारात तिची नक्कलही सहसा मिळत नाही. शिवाय सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून मनाई केली आहे, त्यामुळे परदेशातून एकच बॅटरी मागवायची म्हटले तर बरेच विक्रेते थेट नकार देतात. बॅटरी देशातच असली तरी ती कुरिअरने रस्त्यानेच येणार, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्ग बंद पडला तेव्हा कोल्हापुरात साधी पाकिटेही पोहोचत नव्हती, हे येथील कोणाला सांगायला नको. मोठ्या ब्रँडच्या ऑनसाइट वॉरंटीत अभियंता भाग घेऊन महाविद्यालयात येतो आणि आमच्या टेबलावर दुरुस्ती करून जातो. राजारामपुरीच्या सदस्यांनी कीबोर्ड स्वतः बसवला, पण ते स्वतः दुरुस्तीच्या व्यवसायात आहेत. आमच्या कार्यालयातील लिपिकाने तो बसवावा, अशी अपेक्षा करता येत नाही.

आणखी एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांनी जरूर तपासावी. लॅपटॉप आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर या दोन्ही वस्तू भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात आणि त्यांवर नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. मोठ्या ब्रँडच्या बाबतीत हे गृहीत धरता येते, लहान विक्रेत्याच्या बाबतीत यंत्र उलटे करून पाहावे लागते.

राजारामपुरी आठवी गल्ली

बॅटरीचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच यंत्र घेतानाच एक जादा बॅटरी मागवा, असे मी ग्राहकांना सांगतो. मात्र ती पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण रिकामी करून कपाटात टाकू नये, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड जागी ठेवावी. ऑनसाइट वॉरंटीबाबत इतकेच की ती अमर्याद नसते, आणि मुदत संपल्यावर त्याच ब्रँडच्या बोर्डाचा दर ऐकून यंत्र भंगारात घातलेले ग्राहक मी आठवड्याला पाहतो. महाविद्यालयाची खरेदी आणि एकट्या व्यावसायिकाची खरेदी यांना एकच नियम लावता येणार नाही.

रंकाळाकाठ

ठेवून दिलेली बॅटरीही वयाने उतरतेच. तिच्या भरवशावर चार वर्षांनंतरचे नियोजन मी करणार नाही.

कसबा बावडा

ग्राहक तक्रारींची कामे चालवत असल्यामुळे कायद्यापुरते लिहितो. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वस्तू मान्य केलेल्या वैशिष्ट्यांची नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा रक्कम परत करण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या अटळ कारणांचा अपवाद आहे, ‘समतुल्य’ पॅनेल बसवण्यास असा अपवाद नाही. ‘कस्टम वस्तू परत घेतली जाणार नाही’ ही संकेतस्थळावरची अट ग्राहकाला नको असलेला रंग निवडल्यावर उपयोगी पडेल, निवडलेले पॅनेलच न देणाऱ्याला ती वाचवू शकेल असे मला वाटत नाही.

कंपनी परगावची आहे म्हणून तिकडे खेटे घालावे लागतील, ही भीतीही सोडून द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपली तक्रार कोल्हापुरातच चालेल. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास पुष्कळ विक्रेते तेथेच नरमतात.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याच्या बाहेर आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू मात्र कायद्यात बसते. आपण एकटे काम करत असाल तर आपली बाजू भक्कम आहे. पण इनव्हॉइस फर्मच्या नावाने घेऊन त्यावरील १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल, तर समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेईल. बिल कोणत्या नावाने आहे?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

बिल माझ्या वैयक्तिक नावाने आहे आणि माझ्याकडे नोकर नाही. ऑर्डरची पावती, पॅनेल क्रमांकाचे छायाचित्र आणि त्यांचे ‘समतुल्य’ असे उत्तर हे सगळे जपून ठेवले आहे. कंपनीला पॅनेल बदलून द्या किंवा रक्कम परत करा, असे आजच लेखी कळवतो. मात्र राजारामपुरीच्या सदस्यांना विचारतो की लहान कंपन्यांवर आपला एवढा विश्वास आहे, तर त्यांनी थोडी रक्कम आगाऊ घेऊन उरलेली जोडणी झाल्यावर घ्यावी, याला आपली हरकत असेल का?

राजारामपुरी आठवी गल्ली

हरकत नाही, पण सर्वांनाच ते जमेल असे नाही. माझ्या विक्रेत्याने निम्मी रक्कम आगाऊ घेतली होती आणि उरलेली, उघड्या यंत्रातील रॅमच्या पट्ट्या व पॅनेलमागचे लेबल व्हिडिओवर दाखवल्यानंतर. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याला सांगाडा मागवण्यासाठीच पूर्ण पैसे लागतात. अशा विक्रेत्याकडून घेऊ नये, एवढ्यापुरते मी आपल्याशी सहमत आहे. सर्वच लहान कंपन्या टाळाव्यात, याच्याशी नाही.

आपल्या जागी मी असतो तर सांगाडा चांगला असल्यास यंत्र परत न करता पॅनेलच मागवले असते. फक्त पत्र पाठवण्यापूर्वी आताच्या पॅनेलची केबल ३० पिनची आहे की ४० पिनची, हे पाहून घ्या. साध्या ६० हर्ट्झच्या फुल एचडी पॅनेलला बहुधा ३० पिनची केबल असते आणि जास्त रिफ्रेश रेटच्या पॅनेलला ४० पिनची. ऑर्डरमधले पॅनेल ४० पिनचे असेल, तर नुसते पॅनेल पाठवून भागणार नाही, केबलही त्यांनीच दिली पाहिजे, हे पत्रात लिहा. दोन्ही आल्यावर यंत्र दुकानात आणा, बसवून देतो.